पेल्व्हिसचं हाड मोडलंय, ऑपरेशन सांगितलेलं नाही: घरी काय करायचं?

आमच्याकडून वॉकर, कमोड खुर्ची किंवा उंच पलंग भाड्याने नेणाऱ्या कुटुंबांसाठी

बाथरूममध्ये पाय घसरून आजी पडतात. एक्स-रेत खुबा शाबूत दिसतो, तरी पाय टाकला की जांघेत कळ येते. अशा वेळी बहुधा पेल्व्हिसचं, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याचं, पुढचं हाड, प्युबिक रॅमस, मोडलेलं असतं. बरेचदा माकडहाडाच्या वरच्या सेक्रमलाही चीर गेलेली असते. ती साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, म्हणून डॉक्टर सीटी स्कॅन किंवा एमआरआय सांगतात. तो टाळू नका.

हाड जागेवरून सरकलं नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, आणि इथे प्लास्टर घालता येत नाही. मग घरचे ठरवतात, दीड महिना पलंगावरून उतरू द्यायचं नाही. हे मायेपोटीच होतं, पण म्हाताऱ्या माणसाला मोडलेल्या हाडापेक्षा हे पडून राहणंच जास्त महागात पडतं. मांड्यांची ताकद बघता बघता जाते, पाठीला बेडसोअर होतात, न्यूमोनियाचा आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांनी पायावर भार द्यायला हो म्हटलं असेल, तर पहिल्या काही दिवसांतच वॉकर धरून उभं करा. दुखेल, पण सोसवेल तेवढंच चालायचं. लिहून दिलेली वेदनाशामक गोळी चालण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, फरक लगेच जाणवतो. दुकानातून मनाने गोळ्या आणू नका, काही गोळ्या उतारवयात किडनीला बाधतात. पोट साफ होतंय ना, हेही रोज विचारा. आजी लाजून सांगत नाहीत आणि कुंथताना कळा सोसतात.

वॉकरची उंची अशी बघा: आजी सरळ उभ्या, हात सैल सोडलेले, तेव्हा वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. लांब गाऊन वॉकरच्या पायात अडकतो, घोट्याच्या वर ठेवा. जमिनीवरची गादी आणि भारतीय संडास तूर्त बंद.

हाड जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. पूर्वीसारखं चालायला त्याहून जास्त, कधी कित्येक महिने. दुखणं थांबलं की बरेच जण दवाखाना विसरतात, तेवढं करू नका. साध्या पडण्याने हाड मोडलं म्हणजे ते ठिसूळ झालेलं असणार. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, व्हिटॅमिन डी आणि हाडं बळकट करणारं औषध याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

पोटरी सुजली, लघवी अडली, जांघांच्या मधला भाग बधिर झाला किंवा चालता येत असताना अचानक पाय टाकवेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

वॉकर पोहोचवताना आमचा माणूस उंची लावून देतो. तेव्हा आजींना चपला घालून उभं करा, म्हणजे माप चुकत नाही.