वेगळा दिसणारा दगड ओळखताना

डोंगरउतारावर किंवा नदीच्या पात्रात एखादा दगड चटकन नजरेत भरतो, तो बहुधा आजूबाजूच्या दगडांशी जुळत नाही म्हणून. त्याचे वेगळेपण जितके त्याच्या अंगचे, तितकेच जागेमुळे आलेले असते; चुनखडकाच्या प्रदेशात ग्रॅनाइटचा गोटा नवलाचा ठरतो, तर ग्रॅनाइटच्या प्रदेशात त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्यामुळे ओळख पटवण्याचे काम दगड उचलण्याआधीच सुरू व्हायला हवे. तो मातीवर सुटा पडला होता, मातीत रुतला होता की खडकाच्या थरातून डोकावत होता, आणि आसपासचा खडक कोणता होता, हे लिहून ठेवावे व जागेवरच छायाचित्र घ्यावे. नदी आणि हिमनदी दगड शेकडो किलोमीटर वाहून नेऊ शकतात, माणूसही भरावासाठी किंवा खडीसाठी तो दुरून आणतो. हा प्रवास कळला की निम्मे कोडे सुटते. दगडाचे गुणधर्म पुढे कधीही तपासता येतात, पण जागेची माहिती एकदा हुकली की परत मिळत नाही. (संरक्षित क्षेत्रातून दगड उचलण्यास अनेक ठिकाणी मनाई असते, तेथे छायाचित्रावरच समाधान मानावे.)

बाहेरून दिसणारा रंग हा सर्वांत कमी भरवशाचा पुरावा आहे. ऊन, पाऊस आणि हवा यांमुळे दगडाची कातडी बदलते, त्यातील लोह गंजून तांबूस-तपकिरी पुट चढते आणि आतला करडा दगड बाहेरून लाल दिसू लागतो. मँगॅनीजच्या ऑक्साइडांची काळी नक्षी तर नेच्याच्या पानासारखी इतकी हुबेहूब पसरते की तिला हमखास जीवाश्म समजले जाते, प्रत्यक्षात ती भेगांमधून झिरपलेल्या पाण्याने मागे ठेवलेली खनिजे असतात. म्हणून मुळात तुटलेली, ताजी कड शोधावी आणि ती दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावी. कण एकमेकांत घट्ट गुंतलेले दिसले तर दगड बहुधा शिलारस थंड होऊन किंवा उष्णता व दाबाखाली रूपांतर होऊन बनला आहे. गोलसर कण आणि त्यांना चिकटवणारे बारीक द्रव्य दिसले तर तो गाळाचा खडक आहे.

त्यानंतर काठिण्य. कठीण वस्तू मऊ वस्तूवर ओरखडा काढते, या तत्त्वावर खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली दहा पायऱ्यांची श्रेणी आजही वापरात आहे. या श्रेणीवर नखाचे काठिण्य सुमारे २.५ आणि काचेचे ५.५ येते. पांढऱ्या, अर्धपारदर्शक खड्याने काचेवर खोल ओरखडा उमटवला तर तो क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, असण्याची शक्यता मोठी. ओरखडा उमटला नाही आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसून बुडबुडे आले तर तो कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातले मुख्य खनिज. गंज चढलेल्या किंवा काळसर जड दगडासाठी भुकटीचा रंग अधिक उपयोगी पडतो. चकाकी नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर तो घासला असता हेमटाइट या लोहखनिजाची रेघ तांबडी-तपकिरी येते, मग दगड वरून पोलादासारखा करडा का असेना. मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाची रेघ काळी येते. सोन्यासारख्या चमकणाऱ्या पायराइटची रेघ हिरवट-काळी असते, सोन्याची मात्र पिवळीच राहते.

मला सर्वांत विश्वासार्ह वाटते ती घनता, आणि ती मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दगड कोरडा असताना वजन करावे. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरावा. काट्यावर जेवढा आकडा वाढेल, तेवढ्या ग्रॅम पाण्याची जागा दगडाने घेतलेली असते. ५३० ग्रॅमच्या दगडाने २०० ग्रॅम वाढ दाखवली तर ५३० ला २०० ने भागून घनता २.६५ येते, म्हणजे क्वार्ट्झची; १०० ग्रॅमच दाखवली तर ५.३, म्हणजे हेमटाइटच्या घरातली. ही मोजणी सच्छिद्र दगडाला मात्र लागू पडत नाही.

जड, काळा, चुंबकाला चिकटणारा दगड मिळाला की बहुतेकांना अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेला दगड, आठवतो. तो खरा निघतोही, पण फार क्वचित. ऑस्ट्रेलियातल्या मेरीबरोजवळ २०१५ मध्ये सापडलेला सुमारे १७ किलोचा तांबूस दगड शोधणाऱ्याने आत सोने असेल या आशेने फोडण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, तो फुटला नाही. नंतर मेलबर्नच्या संग्रहालयातील भूशास्त्रज्ञांनी तो अशनी असल्याचे ओळखले, वय सुमारे ४६० कोटी वर्षे. नेहमीचा गोंधळ होतो तो लोहभट्टीतून निघालेल्या मळीशी. मळीत वायूचे बुडबुडे अडकल्याने छिद्रे असतात, अशनीत ती जवळजवळ कधीच नसतात. नुकत्याच पडलेल्या अशनीवर वातावरणात वितळून बनलेला, बहुधा एक मिलिमीटरहून पातळ काळा पापुद्रा असतो आणि कापलेल्या भागात निकेलयुक्त लोहाचे चमकते ठिपके दिसतात.

येथे एक आग्रहाची विनंती. अशनीची शंका आली तर त्याला शक्तिशाली निओडिमियम चुंबक लावू नये. अशनीतील खनिजांनी करोडो वर्षे जपलेली प्राचीन चुंबकीय क्षेत्राची नोंद अशा चुंबकाच्या एका स्पर्शाने पुसली जाऊ शकते. दगड होकायंत्राजवळ नेऊन सुई हलते का, एवढे पाहणे पुरेसे आहे. तसेच तो धुऊ नये, कारण पाण्याने आतील लोह गंजते.

इतके करूनही दगड ओळखू आला नाही, तर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात किंवा संग्रहालयात त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. तेथे दगडासोबत जागेची टिपणेही द्यावीत; तज्ज्ञ पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतात.