वाहनतळावरील जुने पट्टे हटवणे

वाहनतळाच्या जमिनीवर पूर्वी रंगवलेल्या जागांच्या रेषा, क्रमांक, बाण आणि अक्षरे पुन्हा वाचता येणार नाहीत अशा रीतीने नाहीशी करण्याचे काम. मराठीत ‘काढणे’ म्हणजे रांगोळीसारखे रेखाटणेही आणि डागासारखे घालवणेही. त्यामुळे ‘पट्टे काढणे’ एवढेच लिहिलेल्या कामाच्या पत्रावरून ठेकेदार आणि सोसायटी यांचा वेगवेगळा समज होऊ शकतो. ‘जुने पट्टे खरवडून काढणे, नवे पट्टे मारणे’ असे दोन्ही सुटे लिहिलेले बरे.

मुंबईत हे काम वारंवार निघते, कारण गाड्या वाढतात आणि आवार तेवढेच राहते. दहिसरच्या एका सोसायटीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निकाल दिला, की बिल्डरला स्टिल्टखालची (इमारतीखाली खांबांमध्ये सोडलेली) किंवा उघडी पार्किंगची जागा फ्लॅटप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही. या जागांचे वाटप सोसायटीकडे असते. जागा कमी आणि मागणारे जास्त असतील तर आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) सोडत काढतात. वाटप बदलले की क्रमांक बदलतात. अपंगांसाठी 3.6 मीटर रुंदीची जागा आखायची झाली, तर शेजारच्या सगळ्या रेषा सरकतात. अशा वेळी नव्या ‘14’खाली जुना ‘9’ पुसट दिसत राहिला, तर तो नुसता डाग राहत नाही. ‘माझी जागा इथेच होती’ म्हणणाऱ्या सभासदाच्या हातातला तो पुरावा होतो, आणि सर्वसाधारण सभेत तासन्‌तास त्यावर जातात. म्हणून रंग गेला की नाही यापेक्षा आकार वाचता येतो की नाही, ही या कामाची खरी कसोटी आहे.

रंग आणि जमीन

पद्धत ठरवताना आधी जमीन पाहावी, मग रंग. साध्या रंगाचा थर पातळ असतो, पण तो काँक्रीटच्या छिद्रांत मुरतो. थर्मोप्लास्टिक पट्टा सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसला वितळवून 2 ते 3 मिलिमीटर जाडीने घालतात. त्यात राळ, पांढरे रंगद्रव्य, चुनखडीची भुकटी आणि प्रकाश परतवणारे काचेचे बारीक मणी असतात. डांबरावर तो गरम असतानाच खालच्या डांबराशी एकजीव होतो. त्यामुळे छिन्नीने उखडायला गेले की पट्ट्याबरोबर खडीही निघते आणि पहिल्या पावसात तिथे खड्डा पडतो. काँक्रीटवर त्याची पकड वरवरची असते. कडेने खरवडण्याचा पत्रा घातला तर बऱ्याचदा मोठमोठे पापुद्रे सुटतात.

पद्धती

आवारातल्या ट्रायमिक्स काँक्रीटवर (जादा पाणी शोषून काढून घट्ट केलेल्या काँक्रीटवर) सर्वाधिक वापरतात तो ग्राइंडर, त्याला डायमंडचे कप व्हील, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेले वाटीसारखे चाक, लावून. अडचण अशी, की चाक उंचवट्यांवरचा रंग पटकन घेते, पण खोलगट छिद्रांतला रंग तसाच राहतो. तो घालवण्यासाठी आणखी घासले की रेषेच्या जागी रेषेच्याच आकाराचा फिकट चर उरतो: रंग गेला, पट्टा राहिला. यावर उपाय म्हणजे रेषेच्या कडेवर न थांबता दोन्ही बाजूंना हात हलका करत घासणे, आणि क्रमांकाच्या बाबतीत अंकाचा आकार न गिरवता त्याभोवतीचा पूर्ण चौकोन घासून टाकणे. याला वेळ आणि मजुरी जास्त लागते, पण ती वाचवू नये.

मोठ्या उघड्या काँक्रीट वाहनतळांसाठी पाण्याचा अतिउच्च दाब उत्तम. तो 2,000 बारच्या पुढे जातो. गाडी धुण्याच्या पंपाचा दाब 100 ते 150 बारच्या आसपास असतो आणि त्याने फक्त आधीच सुटलेला रंग निघतो. पोडियमवर, म्हणजे खाली पार्किंगचा मजला असलेल्या स्लॅबवर, मात्र हा प्रयोग जपून करावा. भेगांतून आणि सांध्यांतून पाणी खालच्या मजल्यावरच्या गाड्यांवर उतरते. बंदिस्त तळघरातल्या गुळगुळीत काँक्रीटवर पोलादी गोळ्यांचा मारा करणारे, धूळ स्वतःच ओढून घेणारे यंत्र चांगले काम देते. थिनर किंवा रॉकेल डांबरावर कधीही ओतू नये. रंगाआधी डांबरच विरघळते. गॅसच्या ज्योतीने पट्टा जाळणे स्टिल्टखाली, जिथे पेट्रोलचे थेंब पडलेले असतात, सरळसरळ धोक्याचे आहे.

काळा रंग फासणे

सर्वांत स्वस्त म्हणून जुन्या पट्ट्यावर काळा रंग मारतात. हे हटवणे नव्हे. अमेरिकेच्या रस्ते-खुणांच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत काळा रंग फासणे हा पट्टे काढण्याला पर्याय मानू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. कारण मुंबईकराला जूनमध्ये डोळ्यांनी दिसते: ओल्या डांबराचा खरखरीत काळा आणि रंगाचा गुळगुळीत काळा वेगळे चमकतात, दिव्याच्या तिरप्या उजेडात जुनी रेषा नव्या रेषेइतकीच उठून दिसते. दुचाकीचे चाक त्यावर घसरू शकते. पुढे टायरखाली काळा रंग झिजला की पांढरा पुन्हा वर येतो.

धूळ आणि गटार

काँक्रीट कोरडे घासताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते; ती वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ग्राइंडर चालवणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. पाणी सोडत घासणे किंवा यंत्राला धूळ ओढणारी नळी जोडणे, आणि योग्य मास्क देणे, ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. जुन्या पिवळ्या पट्ट्यांत शिशाचे क्रोमेट हे विषारी रंगद्रव्य असू शकते. ते जाळणे किंवा कोरडे घासणे टाळावे. निघालेला चुरा झाडून पोत्यात भरावा. पाण्याने ढकलून दिला तर तो पर्जन्यजल वाहिनीत जातो, आणि मुंबईत ते पाणी नाल्यांवाटे खाडीला व समुद्राला मिळते.

पेव्हर ब्लॉकच्या आवारात घासण्याची गरजच सहसा पडत नाही. रंगलेले ब्लॉक उचलून कोपऱ्यातल्या, कुंड्यांखालच्या ब्लॉकांशी अदलाबदल करता येतात. काही ठिकाणी रंगाऐवजी पांढऱ्या किंवा पिवळ्या ब्लॉकांचीच ओळ बसवतात. जागा बदलल्या की ती ओळ उचलून दुसरीकडे बसवायची आणि खालची वाळू पुन्हा सपाट करायची.