काम लागलं तर पेन्शन जाते का? बेळगाव सीमाभागातल्या लाभार्थ्यांसाठी नोकरीच्या अर्जाची माहिती

खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातल्या लोकांचे अर्ज भरून द्यायला बसलं की दिवसातून चारदा तरी एक प्रश्न येतो: "काम धरलं तर हे पैसे जातील की हो?" विचारणारी कधी विधवा पेन्शन घेणारी बाई असते, कधी युवा निधी (राज्याचा बेकार भत्ता) मिळणारा बी.कॉम. झालेला पोरगा, कधी अपंग पेन्शनवाले काका. प्रत्येक योजनेचा नियम वेगळा असल्यामुळे एका शब्दात उत्तर देता येत नाही. भीतीपोटी काही जण काम धरतच नाहीत. काही धरतात, पण मालकाला सांगून हजेरीपुस्तकात नाव घालू देत नाहीत. हे दुसरं सगळ्यात तोट्याचं. म्हणून आधी हिशेब, मग कागद.

काय बंद होतं, काय चालू राहतं

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये बाईने नोकरी धरली म्हणून थांबत नाहीत. ती किंवा नवरा आयकर किंवा जीएसटी भरत असेल तरच अडचण. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात किंवा निपाणीच्या दुकानात दहा-बारा हजारांवर कामाला जाणाऱ्या बाईचा आयकराशी संबंध येत नाही, तेव्हा ही भीती मनातून काढून टाका.

विधवा पेन्शन महिना ८०० रुपये आणि उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३२,०००, म्हणजे महिन्याला २,७०० सुद्धा नाही. नियमित पगार सुरू झाला की ही मर्यादा ओलांडलीच, आणि पेन्शन जाणार. खोटं सांगून उपयोग नाही. पण वर्षाची पेन्शन होते ९,६०० रुपये, म्हणजे साध्या नोकरीचा एक महिन्याचा पगार. शिवाय दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय (कामगार विमा) लागू होतं आणि स्वतःसकट घरच्यांचं औषधपाणी त्यात होतं. हजेरीपुस्तकात नाव नसेल तर यातलं काहीच हाताला लागत नाही. आठशे रुपये वाचवायला माणसं हे सगळं सोडून देतात.

बीपीएल रेशन कार्डाचा विचार मात्र जपून करा. मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे, वर्षाला १.२० लाख, म्हणजे घरात महिना दहा हजार. कार्ड एपीएल (दारिद्र्यरेषेवरचं) झालं की आरोग्य कर्नाटक योजनेत उपचाराचा पूर्ण खर्च न मिळता थोडाच भाग मिळतो. घरात कुणी कायमचं आजारी असेल तर नोकरीत ईएसआय आहे का, हे पगाराच्याही आधी विचारा.

युवा निधी पदवीधराला महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्याला १,५००, जास्तीत जास्त दोन वर्षं. २०२२-२३ किंवा नंतर पास झालेला, निकालानंतर १८० दिवस नोकरी नसलेला, पुढचं शिक्षण घेत नसलेला आणि कर्नाटकात किमान सहा वर्षं शिकलेला उमेदवार लागतो. ही सहा वर्षांची अट आपल्याकडे नडते, कारण सीमेलगतची काही मुलं चंदगड-गडहिंग्लजच्या शाळा-कॉलेजांत शिकलेली असतात. दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट घेऊन बसा आणि वर्षं मोजा. स्टायपेंड मिळणारी अप्रेंटिसशिप धरली तरी हा भत्ता बंद होतो. मधल्या काळात 'अजून नोकरी नाही' असं स्वयंघोषणापत्र ठरलेल्या मुदतीत परत परत भरावं लागतं. ते विसरल्यामुळे पैसे अडकलेली पोरं मी नोकरी लागलेल्यांपेक्षा जास्त पाहिलीत.

सगळ्यात मोठा अडथळा: नाव

नोकरीच्या अर्जात माणूस अडकतो तो बहुतेक वेळा नावातल्या एका अक्षरावर. 'ज्ञानेश्वर' घ्या. पलीकडे महाराष्ट्रात ते इंग्रजीत 'डी-एन-वाय'ने सुरू होतं, इकडे कन्नडच्या सवयीने 'जे-एन'ने. आजोबांनी शाळेत एक घातलं, आधारवाल्याने दुसरं, बँकेने तिसरं. त्यात कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. मग पेन्शन खात्यात पडत नाही, पीएफचा नंबर जोडला जात नाही आणि पदवीची नोंदही जुळत नाही.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. दहावी झालेल्याने दहावीच्या मार्कशीटवरचं नाव पक्कं धरावं, न शिकलेल्याने आधारवरचं. बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्यायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे केंद्रातल्या पोराने घाईत टाइप केलेलं पावती छापण्याआधी स्क्रीनवर स्वतः वाचा, अक्षर अन् अक्षर. आधार झालं की पॅन, बँक, रेशन कार्ड, आणि अपंग असाल तर यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र).

माहेर पलीकडचं असेल तर

चंदगड, आजरा, कागल, गडहिंग्लजकडून इकडे नांदायला आलेल्या बायकांची संख्या मोठी आहे आणि त्यांचे निम्मे कागद माहेरी असतात. आधारवर माहेरचा पत्ता असेल तर शक्ती योजनेचं (बायकांना मोफत एसटी प्रवास) झिरो तिकीटही कंडक्टर देणार नाही, आणि रोज खानापूरहून बेळगावला कामाला जाणाऱ्या बाईला हा खर्च जड आहे. नवऱ्याच्या आधार कार्डावरून, म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या संमतीने, पत्ता बदलता येतो. त्यासाठी लग्नाचा दाखला काढून ठेवा. माहेरच्या रेशन कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डात नाव चढत नाही.

सरकारी पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं माहेरच्या गावातल्या बँकेतलं निघालं तर इकडे बसून 'पैसे आले नाहीत' म्हणण्यात अर्थ नाही. बँकेत जाऊन कुठलं खातं जोडलेलं आहे ते आधी तपासा. माहेरच्या, महाराष्ट्रातल्या जातीच्या दाखल्यावर कर्नाटकात आरक्षण मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि दर आठवड्याला विचारलं जातं म्हणून सांगतो: महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना तिथल्या रहिवाशांसाठी आहे. तिच्यासाठी जुना पत्ता ठेवून इकडचं सगळं गमावू नका.

अर्ज कुठे

उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला नाडकचेरीत (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) किंवा गावातल्या ग्राम वन केंद्रात मिळतो. त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक अर्जात तोच विचारतात. अर्ज दिला की 'सकाल' या सेवा हमी कायद्याची पोच मागून घ्या. (आपल्या 'सकाळ' पेपरशी याचा संबंध नाही. कन्नडमध्ये सकाल म्हणजे वेळेवर.) २०११ च्या या कायद्याने प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिलेत. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, अशी भरपाई मागता येते. वीस रुपयांसाठी कोण भांडणार, असं वाटेल, पण पोच दाखवली की फाइल हलते.

नोकरीसाठी जिल्हा रोजगार विनिमय कार्यालयात नाव नोंदवा, आणि घरबसल्या राज्याच्या स्किल कनेक्ट व केंद्राच्या एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टलवर. दोन्ही फुकट आहेत, नोंदणीचे पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवा. सोबत आधार, मार्कशीट, जातीचा दाखला, फोटो, चालू मोबाईल नंबर. नंबर बदलला की नोंदणी मेली असं समजा, कारण ओटीपी जुन्या सिमवर जातो.

हातात कला हवी असेल तर ग्रामीण भागातल्या १८ वर्षांवरच्यांसाठी (वयाची वरची मर्यादा तिथेच विचारा) बँकांच्या आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शिवणकाम, मोटार वायंडिंग, दुग्धव्यवसाय असं शिक्षण जेवण-राहण्यासकट मोफत मिळतं, आणि नंतर कर्जासाठी मदतही. नोकरीच हवी असेल तर दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे, वय १५ ते ३५. महिला आणि अपंगांना ४५ पर्यंत सवलत. लहान मूल सोबत असणाऱ्यांनी ग्रामपंचायतीत 'कूसिन मने' हे पाळणाघर चालू आहे का ते विचारावं. काही गावांत आहे.

अपंगांनी यूडीआयडी कार्ड आधी काढावं. ते देशभर चालतं, म्हणजे कोल्हापूरच्या मुलाखतीतही. किमान ४० टक्के अपंगत्व असेल तर २०१६ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत.

कन्नड अर्ज

अर्ज कन्नडमध्ये असतो आणि सही आपली असते. न वाचता सही करू नका. भरणाऱ्याला प्रत्येक रकाना मराठीत सांगायला लावा आणि भरलेल्या अर्जाचा फोटो काढा. 'उत्पन्न' आणि 'व्यवसाय' या दोन रकान्यांत भरणारा आपल्या मनाने काहीतरी लिहून मोकळा होतो, आणि वर्षभराने तेच आकडे आपल्यासमोर येतात. राज्य सरकारच्या नोकरीला कन्नडची सक्तीची परीक्षा असते. राग बाजूला ठेवून ती तयारी करावी, असं माझं मत. भाषेचा लढा आणि पोटाची सोय एकमेकांच्या आड येत नाहीत.

महाराष्ट्रातल्या सरकारी भरतीचा रस्ताही उघडा आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना तिथे अर्ज करता येतो, मात्र १५ वर्षं वास्तव्याचा दाखला लागतो, तोही जाहिरातीत दिलेल्या नमुन्यातच. आपलं गाव यादीत आहे का ते आधी पाहा. नुसतं सीमेजवळ असून चालत नाही.

काम लागल्यावर पहिल्या पगाराची चिठ्ठी घेऊन नाडकचेरीत लेखी कळवा आणि पोच घ्या. युवा निधीवाल्यांनी राज्याच्या सेवा सिंधू पोर्टलवर कळवावं. पेन्शन मंजुरीचा जुना आदेश फाडून टाकू नका. चार महिन्यांनी कारखाना बंद पडला तर नवा उत्पन्नाचा दाखला काढून परत अर्ज करायचा असतो, आणि तेव्हा तो जुना आदेश आणि कळवल्याची पोच हे दोन कागद टेबलावर ठेवले की 'तुम्ही लपवलं होतं' असं कुणी म्हणू शकत नाही.