‘वकील सरकार देईल’ : अमेरिकेतल्या स्थलांतरितांचा महागात पडणारा समज

‘वकील परवडत नसेल तर सरकार देईल.’ अमेरिकेतलं हे वाक्य टीव्हीमुळे जगभर पाठ झालंय. त्यामुळे हद्दपारीच्या खटल्यातही वकील आपोआप मिळतो, असं अनेक स्थलांतरित धरून चालतात. तसं होत नाही.

सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या गिडियन विरुद्ध वेनराइट निकालातला हक्क फौजदारी खटल्यांपुरता आहे. हद्दपारीचा खटला दिवाणी मानला जातो. तिथे वकील ठेवता येतो, पण सरकारच्या खर्चाने नाही. समोर सरकारी वकील उभा, आणि या बाजूला कधी एकटं मूल, ज्याचे पाय खुर्चीवरून जमिनीलाही टेकत नाहीत. मला हा उघड अन्याय वाटतो.

मग फुकट मदत नाहीच का? आहे, पण ती शोधावी लागते. मोफत काम करणाऱ्या वकिलांची आणि संस्थांची यादी इमिग्रेशन न्यायालयाकडे असते; ती मागून घ्या. न्याय खात्याची पूर्ण मान्यता असलेला संस्थेचा प्रतिनिधी वकील नसूनही न्यायालयात बाजू मांडू शकतो. न्यूयॉर्क शहराने तर २०१३ मध्ये स्थानबद्ध गरिबांसाठी स्वतःच्या पैशाने वकील द्यायला सुरुवात केली.

‘नोटारिओ’ (नोटरीसाठीचा स्पॅनिश शब्द) अशा पाटीपासून मात्र सावध राहा. लॅटिन अमेरिकेत तो कायदेतज्ज्ञ असतो. अमेरिकेतला नोटरी फक्त सह्या साक्षांकित करतो. त्याच्याकडून अर्ज भरून घेऊन कित्येकांनी पैसे आणि संधी दोन्ही घालवलीत.

वकील मिळाला नाही तरी तारीख चुकवू नका. न्यायाधीशांकडे मुदत मागता येते. गैरहजर राहिलात तर तुमच्या पाठीमागे हद्दपारीचा आदेश निघू शकतो.