गढूळ झाला म्हणजे चहा नासला नव्हे

रात्री कोरा चहा गाळून फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी बघावं तर बरणीत तांदळाच्या धुवणासारखं गढूळ पाणी. ‘नासला’ म्हणत आपण तो मोरीत ओततो. बिचाऱ्याला काहीही झालेलं नसतं! गरम पाण्यात विरघळलेलं कॅफिन आणि चहाला तुरटपणा देणारं टॅनिन गार होताना एकमेकांना चिकटतात, तेच कण दिसतात. कडक आसाम चहात तर हमखास. थोडं उकळतं पाणी ओता, निवळतो. गढूळपणा नकोच असेल, तर पत्ती थंड पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्येच भिजवा.

नासलेला चहा वेगळा: आंबूस वास, ओतताना तार सुटते. झाकून ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. साखर-लिंबू पिताना घाला. आणि उन्हात बरणी ठेवून चहा करू नका; त्या कोमटपणात जंतू मजेत वाढतात.