खत घातलेले कुरण: 'सुधारणा' कोणाची?

चराऊ रानात खत पडले की चारा वाढतो, यात वाद नाही. वाद आहे तो नेमके कोणते गवत वाढते यावर. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1856 पासून एकाच गवताळ शेताच्या तुकड्यांवर वेगवेगळी खते घालून पाहिली जात आहेत. बिनखती तुकड्यांत तीस-चाळीस जाती एकत्र नांदतात. अमोनियाच्या खताने माती आंबट झाली आणि चुनाही मिळाला नाही, अशा तुकड्यांत दोन-तीनच उरल्या. पण ते मुख्यतः कापणीचे गवत. चराईतला तिढा पाहायचा तर ऑस्ट्रेलियात जावे लागते.

तिथल्या जुन्या मातीत स्फुरद मुळातच तुटपुंजे. त्यावर जुळवून घेतलेले कांगारू ग्रास हे देशी गवत ठोंबाने वाढते, उन्हाळ्यात तांबूस तुरे काढते आणि थोडक्यात भागवते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे खत आणि भूमध्य सागराकडून आलेले एक क्लोव्हर (द्विदल चाऱ्याचे रोप) ही जोडी पसरली. खत विमानातूनही फेकले गेले. हे क्लोव्हर आपली बोंडे स्वतःच मातीत खुपसते, त्यामुळे मेंढरांनी पाला साफ केला तरी बरेचसे बी शाबूत राहते. स्फुरद खाऊन ते फोफावते आणि हवेतला नत्र जमिनीत आणते. त्या नत्रावर हिवाळी परदेशी गवते आणि तण पोसले जातात, आणि कांगारू ग्रासला जाग येईपर्यंत ओल संपलेली असते.

या जोडीला नाव मिळाले 'सुधारित कुरण'. सगळी गोम या शब्दात आहे, कारण देशी गवताचे रान मग आपोआप 'न सुधारलेले' ठरते. 1963 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने सुपर फॉस्फेटवर अनुदान सुरू केले, 1974 अखेर दुसऱ्या सरकारने ते थांबवले आणि त्यानंतरच्या सरकारने पुन्हा चालू केले. भांडण झाले ते पैसा कोणाच्या खिशात जातो यावर. ठोंबांचे काय होते, हा प्रश्न त्यात जवळपास नव्हताच.

खताची बाजू घेणारे म्हणतात, देशी गवत खताने गेले नाही, जास्त मेंढ्यांनी गेले. यात तथ्य आहे. खताचा खर्च निघावा म्हणून मेंढ्या वाढवल्या जातात, त्यामुळे दोन्ही कारणे रानात सहसा जोडीनेच येतात. शिवाय सगळे देशी गवत सारखे नाही. वॉलबी ग्रासच्या काही जाती बेताचे खत पचवतात. तरी माझ्या मते तोंडांनी ठोंब मोडला हे अर्धेच झाले. मेंढ्या काढता येतात, पण मातीत साठलेले स्फुरद दशकानुदशके तिथेच बसते आणि ठोंबाला परतू देत नाही.

म्हणूनच पुढचे प्रयोग उलट्या दिशेचे आहेत. काहींनी मातीत चक्क साखर मिसळली: ती खाऊन सूक्ष्मजीव वाढतात, मोकळा नत्र अडकवून ठेवतात आणि तण उपाशी राहते. काही ठिकाणी वरची सुपीक मातीच खरवडून काढतात.

आता तर खत घालणाराही लागत नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळच्या सर्पेंटाइन खडकावरच्या नापीक टेकड्या हा देशी रानफुलांचा आसरा होता. वाहनांच्या धुरातला नत्र तिथे उतरला आणि परदेशी रायग्रास चढले. जिथून गुरे हटवली, तिथे या गवताने फुलझाडे झाकून टाकली. जिथे गुरे चरत राहिली, तिथे फुलझाडे टिकली. त्यामुळे त्यातल्या काही टेकड्यांवर आज गुरे मुद्दाम चारली जातात.