जांभ्यावर टिकणारा कोयता

गोव्यात कोयत्याची धार लाकडाने जाते त्याहून जास्त चिऱ्याने, म्हणजे जांभ्या दगडाने जाते. काजूच्या डोंगरावर रान साफ करायला उतरलं की झुडपाच्या बुडाशी, पालापाचोळ्याखाली जांभ्याचा खडा असतोच. जांभ्यातले लोहाचे ऑक्साइड कठीण असतात, आणि त्यातले गारेचे (क्वार्ट्झचे) कण तर पोलादालाही ओरखडे पाडतात. कठीणपणाच्या मोस मापनात गार ७ वर आहे, तर पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेलं पोलाद साधारण ६ ते ६.५ वर. पातं खड्यावर आदळलं की काहीतरी बिघडणारच. धार दुमडते की तुकडा उडतो, एवढंच बघायचं. दुमडलेली धार कानशीने थोड्या वेळात ताळ्यावर येते. पण तीन मिलिमीटरचा दात पडला, तर अख्ख्या पात्याचं तेवढं पोलाद घासून काढावं लागतं. म्हणून इथे टिकाऊ कोयता म्हणजे सगळ्यात कडक कोयता नव्हे.

कडकपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. कडक पोलाद घासलं जात नाही, चिवट पोलाद दणका बसला तरी तडकत नाही. एकाच पोलादात पहिला गुण वाढवला की बहुधा दुसरा कमी होतो. कडकपणा रॉकवेल सी मापाने सांगतात. स्वयंपाकघरातली चांगली सुरी ५६ ते ६० असते, रान तोडायच्या पात्याला ५० ते ५४ पुरे. कॅम्पिंगच्या सामानाच्या जाहिरातीत ५८–६० असा आकडा दिसला तर ते हत्यार जांभ्याच्या जमिनीसाठी घेऊ नये.

पोलादात कार्बन ०.५ ते ०.७५ टक्के असावा. ट्रकच्या कमानपाट्यात (स्प्रिंगच्या पट्टीत) तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. ते पोलाद मुळात दणके खाण्यासाठीच बनवलेलं असल्यामुळे लोहाराने पाट्यापासून घडवलेला कोयता हा चांगला पर्याय ठरतो. मात्र वर्षानुवर्षं वाकून-सरळ होऊन पाट्यात बारीक तडे गेलेले असू शकतात. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा घ्यायचा नाही, असं लोहाराला आधीच सांगावं. बांधकामाची सळई ठोकून केलेला कोयता दिसायला तसाच दिसतो, पण तिच्यात कार्बन साधारण ०.३ टक्क्यांच्या आतच असतो. त्याला कितीही पाणी दिलं तरी धार टिकत नाही.

पोलाद कसलंही असो, खरा फरक पाणी देण्यात पडतो. पातं ८०० अंश सेल्सियसच्या वर तापवून एकदम थंड केलं की आतली रचना बदलून ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. ते तसंच वापरायचं नसतं. पुन्हा २५० ते ३०० अंशांपर्यंत हळू तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर रंग चढत जातो: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. जाणता लोहार या रंगांवरूनच थांबायची वेळ ओळखतो. ही दुसरी पायरी घाईत गाळली गेली की कोयता पहिल्याच मोसमात तडकतो. कमानपाट्याचं पोलाद पाण्यात बुडवलं तर तडा जाण्याची भीती जास्त, म्हणून ते तेलात थंड करणं बरं. फक्त धारेकडचा भाग बुडवून पाठ मऊ ठेवली तर उत्तमच.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोयता हातात घ्याल तेव्हा स्टेनलेस ओळखायला लोहचुंबक नेऊ नका. पात्यांसाठी वापरतात त्यातलं बहुतेक स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. छोटी नवी कानस न्या आणि विक्रेत्याला विचारून धारेच्या कोपऱ्यावर हलकेच ओढा. कानस लोण्यात शिरल्यागत चावली तर पातं मऊ, अजिबात न चावता घसरली तर फार कडक. जेमतेम चावते ते घ्यायचं. मग पाठीवरून एका डोळ्याने टोकापर्यंत पाहा. पातं पिळलेलं असेल तर लगेच कळतं.

आकार रानावर ठरतो. रानमोडी या तणाचे दांडे आत भुसभुशीत असतात. त्यांना वजन नको, वेग हवा. फटक्याची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. म्हणून ४५ सेंटिमीटर लांब, २ ते २.५ मिलिमीटर जाड, सरळ पात्याची मॅशेटी इथे सरस ठरते. घाणेरी आणि करवंदीच्या जाळीत मात्र फांद्या लवचीक असतात, पातळ पातं त्यांच्यावरून उसळतं. तिथे आकडीदार टोकाचा, २५ ते ३० सेंटिमीटर पात्याचा, पाठीला ४–५ मिलिमीटर जाड कोयता हवा. टोकाचं वळण फांदी आत ओढून धरते. पण तेच टोक सर्वात आधी चिऱ्यावर आपटतं, म्हणून जमिनीलगत आकडीदार कोयता चालवू नये. कॅम्पसाठी एकच हत्यार न्यायचं असेल तर कोयता न्या. सुकी फांदी तोडायला, बांबू चिरायला तोच पुरतो. बांबूच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे बांबूवर काम झालं की धार पाहायचीच.

मनगट दुखत असेल तर दोष बहुधा फटका बसण्याच्या जागेचा असतो. प्रत्येक पात्यावर एक जागा अशी असते की तिथे फटका बसला तर हाताला झटका जाणवत नाही. ती साधारण मुठीपासून दोन-तृतीयांश अंतरावर सापडते. कोयत्याचं वजन पुढे असल्यामुळे त्यात थोडी आणखी पुढे सरकते. सुक्या ओंडक्यावर हलके फटके मारून ती शोधावी आणि तिथे पात्यावर खडूची खूण करावी.

मूठ खैराची किंवा धामणीची घ्यावी. पात्याची शेपटी मुठीत निदान दोन-तृतीयांश आत गेलेली हवी आणि तोंडाशी लोखंडी साम (कडं) घट्ट बसलेली हवी. पावसाळ्यात लाकूड फुगून सामेवर दाबलं जातं आणि स्वतःचेच तंतू चिरडून घेतं. उन्हाळ्यात सुकलं की मूठ खुळखुळते. पाण्यात भिजवून ती तात्पुरती घट्ट होते, पण पुढच्या वेळी जास्तच ढिली पडते. सोडवून, सुकवून, लाख किंवा इपॉक्सी भरून पुन्हा बसवावी, आणि लाकडाला अळशीचं तेल पाजावं.

गंजाचं शास्त्र किनाऱ्यावर वेगळं आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पात्यावर बसलेलं मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. पाऊस न पडताही पातं ओलं राहतं. म्हणून काम संपल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवावा. रोजच्यासाठी खोबरेल चालतं, महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर ग्रीस. चामड्याच्या म्यानात कोयता कधीच ठेवू नये, ते ओल धरून ठेवतं. काजूच्या चिकाने पडलेले काळे डाग हे टॅनिन आणि लोहाचं संयुग असतं. ते खरवडायची गरज नाही.

धार लावायला दहा इंची चपटी कानस पुरते. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडला की २२.५ अंशांचा कोन मिळतो; कानस त्याहून किंचित खाली धरून एकाच दिशेने ओढावी, नंतर निसण्यावर (धारेच्या दगडावर) दोन्ही बाजू फिरवाव्यात. धार उजेडाकडे धरून पाहा: जिथे बारीक पांढरी रेघ चमकते तिथे ती बोथट आहे. ग्राइंडरवर पातं निळं पडलं तर त्या जागेचं पाणी उतरू लागलंय असं समजावं.

झुडूप शक्यतो आडवं कापावं. तिरप्या कापाचा खुंट भाल्यासारखा उभा राहतो आणि चपलेतून पाय फाडतो. रानमोडी तर बुडातून पुन्हा फुटते, म्हणून जमीन ओली असताना ती मुळासकट उपटलेलीच बरी. उरलेली हिवाळ्यात बी धरण्याआधी तोडावी.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले यांसारख्या अभयारण्यांत कोयता न्यायचा असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ नुसार आधी लेखी परवानगी लागते. शस्त्राच्या व्याख्येत त्या कायद्याने सुऱ्याही धरल्या आहेत.